बरणीतलं खारं पाणी

अमरावती,
बुधवार

प्रिय प्रतू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच टेबलाच्या कप्प्यात सरकवून देशील, अशी मला शंका आहे. तसं करू नको. फोन तू उचलत नाहीस. मेसेजला दोन निळ्या खुणा येतात अन् पुढे सगळी शांतता. म्हणून स्पीड पोस्टानं पाठवते आहे. सही करून घ्यावं लागेल, म्हणजे मिळालंच नाही असं तरी तुला म्हणता येणार नाही. बघ, कुठवर येऊन पोचलो आपण. जिच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी मी न विचारता पुसून खायची, तिच्याकडून आता पोचपावती मागते आहे.

आधी घरची खबरबात. अम्मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण गाव सोडून माझ्याकडे अमरावतीला यायचं नाव काढत नाही. दर्यापूरकडच्या त्या घरात ती अन् तिच्या कोंबड्या. म्हणे, तुझ्या त्या खोलीत मी पाय पसरले तर दाराबाहेर जातील. दर फोनला तुझी चौकशी ठरलेली. ‘वो पगली का फोन आया क्या?’ मी सांगते, नवी नोकरी आहे अम्मी, पुण्याला असते, कामात असते. मग तिला वेगळीच काळजी, की पुण्याचे लोक म्हणे वरणात गूळ घालतात, ही पोरगी तिथं जेवते तरी का. ईदला तिनं तुझ्या नावाचा शीरखुर्मा डब्यात काढून ठेवला होता. तू काही आली नाहीस, शेवटी तो मीच खाल्ला. आणि हो, तिची ती लोणच्याची चिनी मातीची बरणी तुझ्याकडेच आहे. बरणीचीही चौकशी ती करते अधूनमधून, पण लाजत लाजत, की एका बरणीसाठी पोरीला काय टोकायचं.

बार्शीटाकळीला उस्मानमामूंच्या विहिरीला यंदा उन्हाळ्यातही पाणी टिकलं. वांगी झाली, सांभार झाला, तुझ्या पुण्यात कोथिंबीर म्हणतात तो, मामू खूश आहेत. आल्यागेल्याला अजून विहिरीच्या काठावर नेतात अन् आपले दगड निघाले ती जागा दाखवतात. पाण्याखाली गेलेली जागा, दिसणार काय कपाळ! पण मामू बोट दाखवतात अन् समोरचा बिचारा मान डोलावतो. मला विचारतात, किताब में अपने कुएँ का नाम कब आएगा? मी म्हणते, येईल मामू. दुसरं काय सांगू?

आता माझी खबर. माझा प्रबंध अडकला आहे. बाहेरच्या परीक्षकानं लिहून पाठवलं, की प्रबंधातलं ग्मेलिनाइट हे खनिज धामणगाव रेल्वेजवळच्या एका शेतातल्या विहिरीतून आधीच नोंदलं गेलेलं आहे, उमेदवाराच्या प्रबंधातले स्फटिकांचे फोटो त्या छापील लेखातल्या फोटोंशी जुळतात, रासायनिक आकडे मात्र जुळत नाहीत, तेव्हा नमुने कुठले आणि आकडे कुठून आणले याचा खुलासा व्हावा. आपल्या वऱ्हाडीत सांगायचं तर, पोरगी चोरटी बी हाय अन् लबाड बी हाय. विद्यापीठानं समिती नेमली. समितीला पटलं नाही तर नोंदणीच रद्द होणार, आणि कॉलेजात तासिकेवर शिकवते आहे तेही जाणार. ज्या बाईवर चोरीचा ठपका आहे तिला पोरांसमोर कोण उभी करतं? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, इथे तर चोर हूं की चूं करत नाही, अन् बोंब सगळी माझ्या नावानं. फोटो जुळणार नाहीत तर काय होईल? फोटो तेच आहेत. तुझ्याच फोननं काढलेले, मामूंच्या विहिरीवर, भिजल्या पोत्यावर ठेवून. माझ्या फोनचा कॅमेरा तेव्हा फुटलेला होता.

तो दिवस तुला आठवत नसेल असं कसं म्हणू? मामूंनी विहीर खोल करायला घेतली होती. सुरुंग उडाला, धूर बसला, आणि काळ्या पाषाणाच्या भिंतीत कढईएवढी पोकळी उघडी पडली. आत सगळं गुलाबी. मामूंनी काम थांबवलं, मजुरांना वर घेतलं आणि मला फोन लावला, की निखत, पत्थर में फूल लगे हैं, जल्दी आ. दुसरा कुणी असता तर पहार घालून मोकळा झाला असता. आपण दोघी अकोल्याची गाडी धरून गेलो. दोरीला धरून खाली उतरायची मला भीती वाटत होती, तर तू ओढणी कमरेला खोचलीस आणि माझ्याआधी उतरलीस. खालून तुझा आवाज आला, ‘निखे, हे साधं नोहे वं!’ तो आवाज अजून माझ्या कानात आहे. आपल्या इकडच्या पाषाणात स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट पैशाला पासरी. विहीर खोदणारे त्याला गारा म्हणून फेकून देतात. पण हे सहा बाजूंचे होते, जाड बिल्ल्यासारखे, वरून चपटे, बाजूंना बारीक आडव्या रेघा, अन् रंग पिकल्या पेरूच्या गराचा. एकाचा कोपरा मामूंच्या पहारीनं उडाला. तू केवढी ओरडलीस मामूंवर, आणि ते बिचारे हात जोडून माफी मागत राहिले.

आणि पहिलाच स्फटिक आपण हौसेनं उन्हात ठेवला, तर डोळ्यांदेखत त्याला तडे गेले. कातळाच्या पोटात तो कायम ओला राहिलेला. अंगातलं पाणी एकदम उडालं अन् तो चिरकला. मग आपली धावपळ, पोतं भिजव, कॅन आण, विहिरीचंच पाणी भर. अर्धे मी त्या कॅनमधून अमरावतीला प्रयोगशाळेत आणले आणि लगेच तपासायला लावले. मोठे, देखणे, ते आपण अम्मीकडे ठेवले, कारण माझ्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात माणूस शिजतं, तर दगडाची काय कथा! अम्मीनं लोणच्याची बरणी घासून पुसून दिली. मी सांगितलं, अम्मी, यांना पाण्यात बुडवून ठेवायचं, पाणी कमी झालं की भरायचं. ती म्हणाली, मुर्गी के चूजे समझ के पालूँगी.

त्या रात्री ओसरीवर तू अम्मीला जे समजावून सांगितलंस, तसं मी वर्गात आजवर कुणाला शिकवू शकले नाही. तिनं विचारलं होतं, की आखिर इसमें है क्या? तू तिच्या हातातल्या काचेच्या बांगड्या उतरवून घेतल्यास. म्हणालीस, ही एकेक बांगडी म्हणजे सहा जणांनी हात धरून केलेलं कडं, सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम यांचं. दोन बांगड्या एकावर एक ठेवल्यास. पुढच्या दोन जराशा सरकवून ठेवल्यास. त्यावरच्या दोन परत पहिल्या दोघींच्या बरोब्बर डोक्यावर. असं दोन इथं, दोन तिथं, दोन इथं, दोन तिथं रचत गेलं की मधे एक जागा कायम मोकळी राहते, वरपासून खालपर्यंत सरळ. अम्मी वाकून पाहून म्हणाली, मतलब बीच में कुआँ है. तू टाळी दिलीस तिला. हो, विहीरच. आणि त्या विहिरीत पाणी असतं, अन् पाण्यात भाडेकरू असतात, कॅल्शियम किंवा सोडियम. भाडेकरू बदलतात, घर तेच राहतं. मग तू एक जोडी मुद्दाम चुकवून तिसऱ्याच ठिकाणी ठेवलीस, आणि विहीर मधेच बुजली. म्हणालीस, बघा अम्मी, एवढासा थर घसरला तरी पूर्ण वाट बंद, पाणी जाणार कुठून? अम्मीला नाव काही उच्चारता येईना. ग्मेलिनाइटचं तिनं गुमेली केलं, अन् रोज सकाळी कोंबड्यांना दाणे टाकून झाले की बरणीत डोकावून गुमेलीला सलाम करायची. वर्षभर तिनं ते केलं, प्रतू. वर्षभराहून जास्तच.

पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी मला डेंग्यू झाला. प्लेटलेट्स उतरत होत्या, मी अमरावतीला दवाखान्यात, शुद्ध येते-जाते अशी. तू स्वतः एसटीनं गावी गेलीस आणि अम्मीला घेऊन आलीस. रस्ताभर तिचा हात धरून बसली होतीस, ती अजून सांगते लोकांना. तू माझ्या उशाशी बसायचीस, माझे केस विंचरायचीस, दवाखान्यातल्या नर्सला मी तुझी बहीण आहे म्हणून सांगायचीस. आणि त्याच वेळी माझ्या खाटेखाली तुझ्या पिशवीत अम्मीची बरणी होती. तू तिला सांगितलंस, निखतनं मागवलीय, तपासायला द्यायचीय, उशीर झाला तर तिचं नुकसान होईल. पोटची पोर तापानं फणफणलेली, आणि तिनं दगड मागवलेत. अम्मीला वाटलं, हिच्या जिवाला तेवढाच एक घोर लागून राहिला असेल. तिनं बरणीला दोन फडक्यांनी तोंड बांधून दिलं. मी मागवली नव्हती. मला तेव्हा पाणी मागायचंही भान नव्हतं.

बरी झाल्यावर मी विचारलं तर तू म्हणालीस, नमुने माझ्याकडे सुखरूप आहेत, क्ष-किरणांना लावले आहेत, तू आधी उभी तर राहा. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, की एवढं करणारं माणूस आहे आपल्याला. मग तुझी मुलाखत झाली, तू पुण्याला गेलीस, आणि गेल्या उन्हाळ्यात एका विद्यार्थ्यानं मला तो लेख दाखवला. मॅडम, तुमच्यासारखंच खनिज दिसून राहिलं. मी पहिला फोटो पाहिला. गुलाबी स्फटिक, डाव्या कोपऱ्याचा टवका उडालेला. वर तुझं एकटीचं नाव. आणि ठिकाणाच्या रकान्यात धामणगाव रेल्वे, तुझ्या बाबांच्या शेतातली विहीर.

अगं, नुसतं माझं नाव गाळलं असतंस तर मी चार दिवस रडले असते आणि गप्प बसले असते. आपल्या धंद्यात दगडाचं सगळं मोल त्याच्या गावात असतं, हे मला तूच शिकवलंस ना? चिठ्ठी नसलेला दगड म्हणजे रस्त्यावरची खडी. तू त्याचं गावच बदललंस! कारण मामूंच्या विहिरीचं नाव घातलं की माझं नाव आलंच असतं. तुले लाज कशी नाही वाटली वं? त्या माणसानं तुझ्यासमोर हात जोडले होते. आणि मागितलं असतंस तर मी दिलं असतं. तुझी मुलाखत होती, तुला छापील लेख हवा होता, हे मला सांगायचं होतंस. मी पहिलं नाव तुझं घातलं असतं, अल्लाची शपथ, एका शब्दानं विचारलं नसतं. हेच मला सहन होत नाही. जे देऊन टाकायला मी तयार होते, ते तू चोरून नेलंस.

मी धामणगावला जाऊन आले, ते तुला बाबांनी सांगितलं की नाही कोण जाणे. थंडीत गेले होते. मनात होतं, की त्यांच्या तोंडावर सगळं फेकावं. बाबा झेंडूत होते. मला पाहून डोक्याचा शेला सोडून आले, लगेच चहा, लगेच पोहे. मी म्हटलं, विहीर पाहायची आहे. तर माणूस हरखून गेला. ‘पोरीनं आपल्या विहिरीचं नाव पार परदेशात नेलं बाप्पा! मले तं त्यातला एक दगड दिसला नाही आजलोक, पण तिले दिसला अशीन, शिकेल हाय ते.’ मी वाकून पाहिलं. वरून काळी माती, खाली मुरूम, अन् मग सिमेंटच्या कड्या. पाषाण कुठेच उघडा नाही. बाबा माझ्या तोंडाकडे पाहत होते, मी काय म्हणते म्हणून. मी म्हटलं, छान आहे विहीर, बाबा. त्यांनी अम्मीसाठी झेंडूची पाटीभर फुलं दिली. ती मांडीवर घेऊन मी गाडीत बसले आणि बडनेरा येईस्तोवर रडले. तुझ्या बापाला मी वाचवलं, प्रतू. हे लक्षात ठेव.

आता दगडाकडे येते, कारण शेवटी दगडच बोलला. परीक्षक म्हणतो आकडे जुळत नाहीत, ते खरंच आहे. माझ्या स्फटिकांत कॅल्शियम आहे, तुझ्या लेखात सोडियम. मी रात्रंदिवस हेच घोळत बसले, की एकाच पोकळीतले सख्खे भाऊ, एक कॅल्शियमचा अन् दुसरा सोडियमचा कसा? माझंच काही चुकलं का? मग ईदच्या सुट्टीत गावी गेले. आपल्या घरची रीत तुला माहीतच आहे. खारपाणपट्टा आमचा, बोअरचं पाणी मिठाळ, त्यानं भांडी घासायची, अंगण शिंपायचं. आणि नळाचं गोड पाणी येईल तेव्हा येईल, ते फक्त माठात अन् डाळ शिजवायला. अम्मी बादलीतून माठात गोड पाणी ओतत होती, एक थेंब सांडला तर ओढणीनं टिपत होती. आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. मी विचारलं, अम्मी, बरणीत कुठलं पाणी भरायचीस? ती माझ्याकडे अशी पाहायला लागली, जशी मी येडी आहे. ‘खारा, और क्या! मीठा पानी पत्थर को पिलाऊँ क्या मैं?’

मी खाली बसले आणि हसत सुटले. किती दिवसांनी हसले असेन. वर्षभराहून जास्त काळ ती माऊली दगडांना मिठाळ पाणी पाजत होती. एकेक कॅल्शियम आपली खोली सोडून गेला आणि त्याच्या जागी दोन-दोन सोडियम येऊन बसले. भाडेकरू बदलले, घर तेच. तूच तर सांगितलं होतंस, त्याच ओसरीवर, तिच्याच बांगड्यांनी! आणि तुझ्याच लक्षात आलं नाही. का येईल? शहरातून येऊन चार दिवस राहणाऱ्या पाहुणीला अम्मी माठातलंच पाणी देते. तू आमच्या घरचं खारं पाणी कधी प्यालीच नाहीस.

आणि ऐक. एक स्फटिक अम्मीनं ठेवून घेतला होता. बरणी बांधताना तिनं तुला विचारलं म्हणे, की एक गुमेली मैं रख लूँ क्या, घर सूना लगेगा. तू हो म्हणालीस. एवढं मन तुझ्यात तेव्हा शिल्लक होतं. तो एकटा वाटीत, त्याच पाण्यात, खिडकीत बसलेला होता. तो मी नेला, मधोमध कापून घासला आणि कडेपासून गाभ्यापर्यंत ओळीनं तपासून घेतला. कडेला सोडियम. आत जाल तसा कमी कमी. आणि गाभ्यात जुना कॅल्शियम तसाच, मामूंच्या विहिरीत होता तसा. तू मोठा स्फटिक फोटोसाठी अख्खा ठेवलास आणि नुसत्या कडेच्या कपच्या तपासल्यास, हो ना? जगात बहुतेक ठिकाणी ग्मेलिनाइट सापडतो तो सोडियमचा. कॅल्शियमचा क्वचित. म्हणजे तू दुर्मीळातलं दुर्मीळ उचललंस आणि साधं म्हणून छापलंस. तुझ्याकडे उरलेला स्फटिक कापला की त्यातही हेच निघणार, आणि समिती तो मागवणार आहे. धामणगावच्या गोड्या पाण्यातून एवढा सोडियम कडेकडेनं कसा शिरला, ते मग तूच सांग त्यांना.

तेव्हा लेखाचं काय करायचं ते तुझं तू पाहा. त्याबद्दल विनवायला मी कागद काळे करून नाही राहिली. पत्र लिहिलं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. पुढल्या गुरुवारी समिती बसणार आहे, आणि त्यांना विचारायचं आहे की बरणी कुणी सांभाळली, पाणी कुठलं भरलं, आणि दगड कुणाच्या हातात दिले. ते सांगू शकणारं माणूस जगात एकच आहे. अम्मी यायला तयार झाली आहे. ट्रंकेतून जांभळा सूट काढून वाळत घातला आहे, आणि मला विचारते, प्रतीक्षा भी आएगी ना वहाँ? तिला काही माहीत नाही. वर्षभर मी तिला एक अक्षर सांगितलेलं नाही. तू कामात आहेस, एवढंच. त्या खोलीत कुणीतरी साहेब तिला विचारेल, की दगड कुणाला दिले, आणि ती हसत सांगेल, हमारी प्रतीक्षा को, निखत ने मंगवाए थे. अन् मला सगळ्यांसमोर म्हणावं लागेल, की अम्मी, मी नव्हते मागवले. एसटीत जिनं आपला हात धरला होता ती आपल्याला फसवत होती, हे तिला परक्या लोकांच्या खुर्चीत बसून कळेल. ते मला होऊ द्यायचं नाही. म्हणून रविवारच्या आत गावी ये. ओसरीवर बस आणि तुझ्या तोंडानं तिला सांग. आली नाहीस तर रविवारी रात्री मी सांगेन, पण मग ते माझं सांगणं होईल. ती आधी विचारेल, जेवलीस का. उपाशी असशील तर उपाशी आहे म्हण, तिथं खोटं बोलू नको. कैऱ्या आल्या आहेत, तिला लोणचं घालायचं आहे, तेव्हा बरणी आठवणीनं आण. फक्त ती आधी तिच्या हातात देऊ नको. सगळं सांगून झाल्यावर दे. नाहीतर ती तिथल्या तिथं जुन्या लोणच्याची बाटली त्यात उपडी करून तुलाच बांधून देईल, आणि मग तुझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही.

रविवारपर्यंत तरी तुझीच,
निखत